दहावीच्या वर्षाची फी आत्ताच लिहून ठेव

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "ताई, मी काही कमवत नाही. मग त्या शाळेचा हट्ट मी कुठल्या तोंडानं धरू?" मी काही बोलायच्या आत तू "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवलास. तुझा आवाज भरून आला होता, ते मला कळलं गं. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. आज दुपारची कामं आवरून बसलेय तुझ्याशी बोलायला. तूही धाकटीला झोपव आणि चहाचा कप घेऊन बस.

आधी त्या वाक्याचाच निकाल लावू. तू कमवत नाहीस, हे खरं नाही. धाकटी झाल्यावर तू नोकरी सोडलीस तेव्हा घरात येणारा एक पगार थांबला, पण त्याबरोबर बाहेर जाणारे कितीतरी पैसेही थांबले. दोन मुलांचं पाळणाघर थांबलं. संध्याकाळचा तयार पोळीभाजीचा डबा थांबला. तुझ्या समोरच्या घरातला मुलगा दुसरीत आहे आणि रोज क्लासला जातो, कारण त्याचे आईवडील दोघंही रात्री आठला घरी येतात. त्यांचंही काही चुकत नाही. पण ती क्लासची फी तुझ्या घरात तू भरतेस, रोज संध्याकाळी शेजारी बसून. तेव्हा शाळेच्या निर्णयात तुझा शब्द अर्धा आहे. तो कोणाकडून मागून घ्यायचा नाही. आपला म्हणून खुशाल बोलायचा.

आता अर्धा शब्द तुझा म्हटल्यावर अर्धा हिशेबही तुझाच. तू मला सांगितलेले आकडे मी वहीत उतरवून घेतलेत. ऐक.

हातात येणारा पगार ५२,००० रुपये. त्यातून घराचा हप्ता १७,५००. राहिले ३४,५००. शाळेनं सांगितलेली वर्षाची फी ९०,०००. बसचे २४,०००. पुस्तकं, वह्या, दोन प्रकारचे गणवेश, बूट, सहल, गॅदरिंगचे कपडे असे मिळून १२,००० धर. झाले वर्षाला १,२६,०००, म्हणजे महिन्याला १०,५००. उरलेल्या २४,००० मध्ये किराणा, दूध, गॅस, वीजबिल, पेट्रोल, सासूबाईंची औषधं, सणवार आणि येणारं-जाणारं. ओढाताण होईल, पण जमेल, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. पहिलीचं वर्ष जमेलही.

पण शाळेची फी म्हणजे पहिलीची फी नव्हे. आपल्याला दहावीपर्यंत जायचंय. दरवर्षी दहा टक्के वाढ धरली, तर हाच १,२६,००० चा खर्च दहावीच्या वर्षी २,९७,००० च्या आसपास जातो. महिन्याला जवळपास पावणेपंचवीस हजार. आणि पहिली ते दहावीची बेरीज वीस लाख. हे झालं एका लेकराचं. तुझी धाकटी चार वर्षांनी त्याच फाटकातून आत जाणार आहे. एकाला मोठी शाळा आणि दुसरीला साधी, असं तुझ्याच्यानं होणार नाही, आणि होऊही नये. घरात मुलगा आणि मुलगी असताना तर मुळीच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून हिशेब दोघांचा मांड.

तू म्हणशील, ताई, पगारही वाढेलच की. वाढेल. पण किराणाही वाढेल, सासू-सासऱ्यांची वयं वाढतील, आठवी-नववीला विज्ञान-गणिताचा क्लास लागेल, आणि दहावी संपल्यावर खरं महागडं शिक्षण सुरू होईल. पहिलीपासूनच सगळा पगार ओतून बसलात, तर बारावीनंतर कर्जाशिवाय हातात काही राहणार नाही. माझा स्वतःचा एक नियम आहे, अनुभवानं झालेला: सगळ्या मुलांच्या शाळेचा मिळून खर्च हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. तुमच्या पगाराचा पाचवा हिस्सा १०,४००. म्हणजे एकट्या थोरल्यानंच तो भरून टाकला.

हे मी कुठून शिकले, ते आजवर तुला पुरतं सांगितलेलं नाही. आईलाही माहीत नाही. आमच्या थोरल्याला जेव्हा एका मोठ्या शाळेत घातलं, तेव्हा प्रवेशाच्या वेळी फीशिवाय चाळीस हजार रुपये 'विकास निधी' म्हणून मागितले. रोख. पावती नाही. यांच्याजवळ तेवढे नव्हते. मी माझ्या जुन्या नोकरीतला पीएफ काढला आणि देऊन टाकला. माझ्या नावावर असलेली तेवढीच एक रक्कम होती, आणि मी तिचा दोनदा विचारही केला नाही. आई आहे ना मी, असं वाटलं. पुढे २०२० साली लॉकडाऊनमध्ये यांचा पगार निम्म्यावर आला. दोन हप्ते थकले, तर शाळेनं ऑनलाइन वर्गाची लिंक बंद केली. माझं पोर सकाळी गणवेश घालून मोबाइलसमोर बसायचं आणि पडद्यावर काही यायचं नाही. त्या दिवशी माझ्याकडे माझे म्हणून चाळीस हजार असते, तर... जाऊ दे. तुझ्यावर ती सकाळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळं सांगतेय.

तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. तू तरी नीट ऐकून ठेव. प्रवेशासाठी जाहीर फीच्या वर देणगी घेणं बेकायदा आहे. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९८७ पासून कायदा आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तर अशा शाळेला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड लिहून ठेवलाय. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत, परीक्षा घेणंही त्याच कायद्यानं बंद आहे. म्हणजे कोणी तुला 'तुम्ही घरीच असता का?' असं नाक मुरडून विचारलं, तर मान खाली घालायची गरज नाही. आणि बिनपावतीचा एक रुपयाही द्यायचा नाही. जी शाळा पहिल्याच दिवशी पावती देत नाही, ती पुढची दहा वर्षं कशी वागेल, ते तिथंच कळतं.

दुसरा कायदा फीचा. २०११ चा शुल्क विनियमन कायदा. त्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ हवा आणि त्याची कार्यकारी समिती हवी. शाळेनं मांडलेल्या फीला या समितीची मान्यता लागते, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं तीच राहते. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. यात तुझं नाव दे. नोकरीवाल्या आयांना दुपारच्या बैठकीला रजा टाकावी लागते, तुला नाही. फीचा तक्ता मागून घ्यायचा, कुठल्या नावाखाली किती पैसे घेतात ते वाचायचं आणि न कळलेलं विचारायचं. घरी असलेल्या आईचा वेळ असा दोनशे घरांच्या कामी येतो. गणवेश, वह्या-पुस्तकं शाळेतूनच किंवा अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्तीही शाळेला करता येत नाही. मेनरोडवर तोच गणवेश स्वस्त मिळत असेल, तर खुशाल तिथून घे.

प्रवेश घेण्याआधी ऑफिसात जाऊन चार गोष्टी विचार, आणि उत्तरं लेखी माग. गेल्या पाच वर्षांतली पहिली ते दहावीची फी किती होती? फी महिन्याला किंवा तिमाहीला भरता येते का? दुसरं भावंड आलं तर सवलत आहे का? शाळेतल्या शिक्षिकांच्या मुलांना फी माफ किंवा निम्मी असते का? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम तुझ्यासाठी. तुझं डी.एड. झालेलं आहे. धाकटी शाळेत जायला लागली की त्याच शाळेत तुला अर्ध्या दिवसाची नोकरी मिळाली, तर पगार थोडा असेल, पण मुलांच्या वेळा आणि तुझ्या वेळा एक होतील आणि फीचा मोठा भार उतरेल. कितीतरी जणींनी अशीच आपली दोन्ही मुलं शिकवलीत. पण ते चार वर्षांनी, तुला हवं असेल तर. फीसाठी आजच्या आज धाकटीला कुठंतरी ठेवून नोकरीला पळ, असं मी तुला सांगणार नाही.

आता करून बघायची एक गोष्ट. प्रवेशाला अजून अवधी आहे. या महिन्यापासून, पगार झाला त्याच दिवशी, १०,५०० रुपये बाजूला काढा. बँकेत आवर्ती ठेव उघडा आणि ती फीच आहे असं समजून भरा. सहा महिने भरा. मध्ये दिवाळी येऊ दे, लगीनसराई येऊ दे, कोणाचं आजारपण येऊ दे. सहा महिने तुम्ही त्या पैशाला हात न लावता राहिलात, किराणा उधारीवर आणावा लागला नाही आणि क्रेडिट कार्डाचं बिल पुढं ढकलावं लागलं नाही, तर तुम्हाला ती शाळा परवडते. मग कोणाचंही ऐकू नको, माझंसुद्धा. तिसऱ्याच महिन्यात ती ठेव मोडायची वेळ आली, तर तेही उत्तरच आहे, आणि ते मुलाचा प्रवेश होण्याआधी मिळालं हे चांगलंच झालं. शिवाय जमलेले पैसे पहिल्या वर्षाच्या फीला उपयोगी पडतील.

एकाच पगारावर चालणाऱ्या घरात शाळेच्याही आधी दोन गोष्टी हव्यात. एक, नवऱ्याचा मुदतीचा विमा, म्हणजे साधा टर्म इन्शुरन्स. पैसे परत मिळणारा नव्हे. आणि आरोग्यविमा कंपनीच्या भरवशावर न ठेवता स्वतःचा, कारण कंपनी सुटली की कंपनीचा विमाही सुटतो. दोन, निदान सहा महिन्यांचा घरखर्च, घराचा हप्ता आणि फी बाजूला ठेवलेली. आमच्याकडे २०२० मध्ये हेच नव्हतं. आणि 'फी भरली की इन्कम टॅक्स वाचतो' असं कोणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नको. ती '८० सी'ची वजावट जुन्या करप्रणालीतली आहे, तीही फक्त शाळेच्या 'ट्यूशन फी'पुरती. देणगी, बस त्यात बसत नाही. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही.

आता मनातलं विचारते, रागावू नकोस. ती शाळा तुला का हवी आहे? वर्गात मुलं कमी आहेत म्हणून? मैदान मोठं आहे म्हणून? तिथल्या बाई तुला भेटल्या आणि त्यांचं बोलणं पटलं म्हणून? ही कारणं खरी आहेत, त्यासाठी काटकसर करावी. आपल्या मावसबहिणीच्या मुलाला अक्षरं लावायला त्रास होत होता. तिनं दोन वर्षं नवी साडी घेतली नाही, पण त्याला वेगळ्या शिक्षिका असलेल्या शाळेत घातलं, आणि तो वाचायला लागला. पण तुझ्या जावेची मुलं तिथं जातात, सोसायटीच्या फाटकाशी सगळ्या मुलांना तीच पिवळी बस न्यायला येते, आपलंच पोर मागं पडेल, अशी धास्ती असेल, तर थोडं थांब. ही धास्ती मलाही होती. तिची मी फी भरली, ती पाच वर्षं.

लॉकडाऊननंतर आम्ही थोरल्याला सातवीत जवळच्या अनुदानित शाळेच्या सेमी-इंग्रजी वर्गात घातलं. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे फी वर्षाला काही हजारांच्या आतच होती. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकी मराठीतून. जुन्या शाळेनं दाखला द्यायला खळखळ केली. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाचा दाखला आठवीपर्यंत अडवता येत नाही, हे तेव्हा नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, आणि दाखला येण्याआधीच त्याला वर्गात बसवून घेतलं. पोरगा महिनाभर मित्रांसाठी रडला. खोटं सांगत नाही, मीही रडले. मग तो खो-खोच्या संघात गेला. मराठी लिहायला शिकला. बाबा रात्री जेवताना हसायला लागले, हे त्यानंच एक दिवस मला सांगितलं. तेरा वर्षांच्या मुलाला घरातली चिंता कळत होती आणि मला वाटत होतं आम्ही ती त्याच्यापासून लपवलीय. आज तो इंजिनिअरिंग डिप्लोमाला आहे, इंग्रजीत पेपर लिहितो.

म्हणून म्हणते, यादीत एकच शाळा ठेवू नको. त्या शाळेबरोबर घरापासून दोन किलोमीटरच्या आतल्या तीन शाळा स्वतः जाऊन बघ. एखादी जुन्या शिक्षणसंस्थेची अनुदानित, एखादी मध्यम फीची, आणि महापालिकेचीही एक. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभी राहा आणि मुलांचे चेहरे बघ. मधल्या सुट्टीत मुलींची स्वच्छतागृहं बघ. पहिलीच्या बाई किती वर्षं तिथं आहेत ते विचार, कारण दरवर्षी शिक्षिका बदलत असतील, तर वातानुकूलित वर्गाचा उपयोग नाही. पुढं पाचवीत असताना जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशाची परीक्षा देता येते. निवड झाली तर राहण्या-जेवणासकट शिक्षण जवळजवळ मोफत. तूच अभ्यास घेणारी आहेस, तेव्हा तो रस्ता तुमच्यासाठी खुला आहे.

तुझ्या कामवाल्या ताईंनाही एक सांग, परवा त्यांच्या नातीचं तू म्हणत होतीस. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा राखीव असतात. आर्थिक दुर्बल घटकासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं; वंचित गटातल्या आणि दिव्यांग मुलांसाठी अटी वेगळ्या आहेत. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीनं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हे लागू नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. त्यांचा अर्ज तू बसून भरून दे. फक्त एक सांगून ठेव, ही सोय आठवीपर्यंतच असते. नववीला पूर्ण फी समोर येते, तिची तयारी आधीपासून हवी. आणि तुम्हाला कोणी खोटा उत्पन्नाचा दाखला काढून द्यायला तयार झाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती जागा त्यांच्या नातीसारख्या लेकराची आहे.

शेवटी तुझ्यासाठी. तुझ्या नावावर एक खातं ठेव, आणि त्यात दर महिन्याला काहीतरी पडू दे, पाचशे का असेना. तुझा पीएफ आहे तिथंच राहू दे. आईनं दिलेल्या पाटल्या फीसाठी मोडू नको. फी भरायला तुझं सोनं मोडावं लागत असेल, तर ती शाळा आपल्याला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. धाकटीचं सुकन्या समृद्धी खातं उघड. वर्षाला २५० रुपये भरूनही ते चालू राहतं, आणि अठराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येते. ही बचत नवऱ्यापासून लपवून करायची नाही. त्यांना सांग, त्यांच्यासमोर बसून कर. ते समजूतदार आहेत. कधीकधी एकटा कमावणारा माणूस 'परवडत नाही' हा शब्द तोंडातून काढायला लाजतो, आणि घरी असलेली बाई 'नको' म्हणायला. दोघंही गप्प राहतात आणि हप्ते वाढत जातात. तू पहिल्यांदा बोल.

येत्या रविवारी मुलं झोपल्यावर दोघं वही घेऊन बसा. पहिल्या पानावर पहिलीची फी लिहू नको, दहावीच्या वर्षाची लिही, दोघांची मिळून. तो आकडा बघूनही तुम्हा दोघांना शांत झोप लागली, तर सोमवारी जाऊन अर्ज आण, आणि पावती घे. नाही लागली, तर मला फोन कर. शनिवारी पहिल्या एसटीनं नाशिकला येते. बाकीच्या तीन शाळा आपण दोघी मिळून बघू.